चार साक्षीदारांना एका तोंडाने बोलायला लावू नका

माझं माहेर नगरचं, प्रोटेस्टंट, आणि सासर वसईचं, कॅथोलिक. माहेरी हॉलच्या भिंतीवर लाकडी वधस्तंभ होता, साधा, रिकामा. सासरी कोनाड्यातल्या क्रूसावर येशू आहे, बरगड्या दिसतायत, कुशीत जखम, मान एका बाजूला पडलेली. लग्नानंतरच्या पहिल्या उपवासकाळात मी सासूबाईंना विचारलं होतं की आई, तो तर उठला ना, मग याला अजून खिळलेलाच का ठेवलाय, तर त्या भाजी निवडता निवडता म्हणाल्या की उठला हे मलाही माहितीये गं, पण माझं बाळ गेलं तेव्हा उठलेला देव जवळचा वाटत नव्हता, हा वाटत होता. यावर बोलायला माझ्याकडे तेव्हा काही नव्हतं आणि आजही नाही.

म्हणजे एकाच धर्मातल्या दोन घरांत एवढा फरक. यहोवाचे साक्षीदार दारावर येतात ते तर सांगतात की आडवं लाकूड नव्हतंच, सरळ उभा खांब होता, आणि येशू उठला तो हाडामांसाच्या शरीराने नव्हे, आत्मिक रूपात. (आपल्या मराठी बायबलातला वधस्तंभ हा शब्द नीट बघितला तर त्यात पण आडवं लाकूड नाहीच, नुसता स्तंभ आहे.) ऑर्थोडॉक्स चर्चमधलं पुनरुत्थानाचं चित्र बघा, त्यात येशू एकटा कबरीतून बाहेर येत नाही, तो खाली मेलेल्यांच्या जगात उतरलाय आणि आदाम आणि हव्वेला मनगटाला धरून वर ओढतोय. आणि जेरुसलेमला गेलात तर कबरी पण दोन दाखवतात, एक पवित्र कबरीचं चर्च जिथे चौथ्या शतकापासून लोक जातायत, आणि दुसरी शहराच्या भिंतीबाहेरची बागेतली कबर, जी एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश सेनानी जनरल गॉर्डनमुळे गाजली आणि बऱ्याच प्रोटेस्टंट लोकांना ती शांत जागाच खरी वाटते.

मला हे आत्ता लिहावंसं वाटलं कारण दरवर्षी उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे, येशूच्या मरणाचा दिवस) जवळ आला की दोन गोष्टी होतात आणि दोन्हींचा मला त्रास होतो. एक म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे मेसेज, की बघा चार शुभवर्तमानं (मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांनी सांगितलेली येशूची कथा) चार वेगळ्या गोष्टी सांगतात म्हणजे सगळं खोटं. आणि दुसरी आमच्या आतली. मध्यंतरी एका बायबल अभ्यासात एका कॉलेजच्या मुलाने विचारलं की मार्कच्या शेवटच्या अध्यायात नवव्या वचनापासून पुढे तळटीप का आहे, जुन्या प्रतींत हा भाग नाही म्हणजे नेमकं काय. प्रश्न चांगला होता, अभ्यास करून आलेला होता. त्याला उत्तर मिळालं की असे प्रश्न सैतान मनात घालतो. तो मुलगा परत आला नाही. कुठली मंडळी, म्हणजे कुठलं चर्च, ते मी लिहिणार नाही, कारण ही गोष्ट एका मंडळीची नाहीच.

माझं म्हणणं असं आहे की वधस्तंभ आणि पुनरुत्थान याबद्दल ख्रिस्ती लोकांचं एकमत पहिल्या दिवसापासून नाही, हे आपल्या शास्त्रातच उघड लिहिलंय, आणि ते व्यासपीठावरून स्वतः सांगायला हवं. लपवून जे सांभाळता येतं तो विश्वास नसतो, नुसती भीती असते.

आता उत्तम शुक्रवारचंच घ्या. आमच्या मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांत बारा ते तीन उपासना असते आणि वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. लहानपणापासून ऐकतोय त्यामुळे वाटतं की येशू ही सात वाक्यं याच ओळीने बोलला. पण कुठलंही एक शुभवर्तमान उघडा, सात उद्गार सापडणार नाहीत. लूकमध्ये तीन आहेत, योहानात तीन, आणि ते एकमेकांशी एकही जुळत नाहीत. मार्क आणि मत्तयमध्ये मिळून एकच, 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' बस. मार्कच्या येशूने वधस्तंभावर दुसरं काहीच म्हटलेलं नाही, नंतर फक्त एक मोठी आरोळी आणि मरण. लूकचा येशू शांत आहे, तो मारणाऱ्यांसाठी क्षमा मागतो (हे वचन सुद्धा काही फार जुन्या प्रतींत नाही), शेजारच्या गुन्हेगाराला धीर देतो आणि 'हे बापा, माझा आत्मा तुझ्या हाती सोपवतो' म्हणून जातो. योहानाचा येशू तर शेवटपर्यंत सगळं हातात असल्यासारखा, आईची सोय लावतो आणि 'पूर्ण झालं' म्हणतो. ही तीन वेगळी मरणं आहेत. आपण ती एकात कालवतो आणि मग चौथ्या उद्गारावर (तोच, 'माझ्या देवा, माझ्या देवा') बोलणारा दोन मिनिटांत घाईघाईने सातव्यावर जातो, की काळजी करू नका, शेवटी त्याने बापाच्या हाती आत्मा सोपवलाच. किंवा सांगतो की हे बाविसाव्या स्तोत्राचं पहिलं वचन आहे आणि त्या स्तोत्राचा शेवट भरवशाने होतो. हे खरंय, स्तोत्र तसंच आहे, पण मार्कने शेवट लिहिला नाही, सुरुवात लिहिली, आणि ती पण येशूच्या स्वतःच्या अरामी भाषेत जपून ठेवली. इतका मोठा लेखक काय गाळायचं ते समजून गाळतो.

दिवस आणि वेळ पण जुळत नाही. पहिल्या तिघांत येशू शिष्यांबरोबर यहुद्यांच्या वल्हांडण सणाचं जेवण जेवतो आणि दुसऱ्या दिवशी मारला जातो, योहानात त्याला वल्हांडणाच्या आदल्या दिवशी मारतात, ज्या दुपारी मंदिरात कोकरं कापली जायची. मार्क म्हणतो सकाळी नऊच्या सुमारास खिळलं, योहानात दुपारी बाराच्या सुमारास तो अजून रोमन सुभेदार पिलातासमोरच उभा आहे. योहानाला सांगायचंय की हाच तो कोकरा, म्हणून त्याचं घड्याळ वेगळं. मला यात खोटेपणा दिसत नाही, पण फरकच नाही असं सांगण्यात मात्र नक्की दिसतो.

आणि मंडळींनी एक गोष्ट लक्षात घ्यावी असं मला फार वाटतं. चारांचं एक करायचा प्रयत्न झालेला आहे. इसवी सन १७० च्या आसपास टेशियन नावाच्या माणसाने चारही शुभवर्तमानं गुंफून एकच सलग पुस्तक केलं, सगळे सांधे नीट बसवलेलं, आणि सीरियातल्या मंडळ्या कितीतरी पिढ्या उपासनेत तेच वाचत होत्या. पाचव्या शतकात तिथल्या बिशपांनी त्याच्या प्रती गोळा करून बाजूला केल्या आणि चार वेगळी शुभवर्तमानं परत आणली. म्हणजे चर्चला एक गुळगुळीत गोष्ट ठेवायची संधी होती, हातात पुस्तक तयार होतं, तरी चर्चने चार खडबडीत गोष्टी ठेवल्या. मग आम्ही दर उत्तम शुक्रवारी परत टेशियनकडे का जातो? गोष्ट म्हणून सलग सांगणं वेगळं, फादर स्टीफन्सनी १६१६ मध्ये ख्रिस्तपुराणात आपल्या ओवीत सगळी कथा सलग सांगितली आणि ती मराठीची मोठी ठेव आहे, पण पुराण सांगणं आणि शास्त्र वाचणं यात फरक ठेवायला हवा की नको.

पुनरुत्थानाकडे येऊ, कारण खरी अडचण तिथे आहे. सगळ्यात जुना लेखी उल्लेख कुठल्याच शुभवर्तमानात नाही, तो प्रेषित पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रात आहे, पंधराव्या अध्यायात, साधारण ५३ ते ५५ सालचा. पौल यादी देतो, पेत्राला दिसला, बाराजणांना, मग पाचशेहून जास्त भावांना, याकोबाला, आणि शेवटी मला. या यादीत एकही बाई नावाने नाही. पुरलं होतं एवढं तो म्हणतो, पण रिकाम्या कबरीचं तो काही सांगत नाही. आणि उठलेलं शरीर कसलं, तर आत्मिक शरीर, मांस आणि रक्ताला देवाच्या राज्याचं वतन मिळत नाही असं तो स्पष्ट लिहितो. आता लूक उघडा. तिथे उठलेला येशू म्हणतो मला हात लावून बघा, भुताला हाडंमांस नसतं, आणि सगळ्यांसमोर भाजलेला मासा खातो. दोघंही म्हणतात तो उठला, दोघंही त्यावर जीव ओवाळायला तयार, पण उठला म्हणजे काय झालं याची दोघांची समज एक नाही. आज कोणी पौलासारखं बोललं तर आमच्यातलेच लोक त्याला उदारमतवादी म्हणून बाजूला बसवतील.

कबरीवर बायका किती गेल्या? मार्कमध्ये तीन, मत्तयमध्ये दोन, योहानात एकटी मग्दालीया मरीया. आत कोण दिसलं, एक तरुण की एक देवदूत की दोन पुरुष? मत्तय म्हणतो शिष्यांना गालीलात जायला सांगितलं, लूक म्हणतो यरुशलेम सोडू नका असं सांगितलं. हे फरक काढून दाखवणाऱ्यांना मी खोटारडे म्हणत नाही, ते बरोबरच दाखवतात. त्यावरून सगळं रचलेलं आहे असं ठरवणं मात्र मला पटत नाही, कारण रचणारे लोक आधी आपसात जुळवून घेतात, आणि त्या काळात बायकांच्या साक्षीला पुरुषांच्या साक्षीइतकं वजन नव्हतं तरी चारही शुभवर्तमानांत पहिली बातमी बायकांनाच मिळते. पण मी हे पण मानते की याने पुनरुत्थान सिद्ध होत नाही. याने एवढंच कळतं की काहीतरी झालं ज्याने ही माणसं हलली, आणि ते नेमकं काय हे सांगताना त्यांची भाषा कमी पडली.

आणि मार्कचा शेवट. सिनाय आणि व्हॅटिकन या चौथ्या शतकातल्या दोन मोठ्या हस्तलिखितांत मार्क सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनाला संपतो. बायका कबरीतून पळत सुटल्या, थरथरत होत्या, आणि त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही कारण त्या घाबरल्या होत्या. संपलं. येशू दिसतच नाही. पुढची बारा वचनं नंतर कोणीतरी जोडली, बहुतेक अशा कोणी ज्याला हा शेवट सहन झाला नाही. त्या मुलाने हेच तर विचारलं होतं. त्याला म्हणता आलं असतं की बाळा, तू सगळ्यात जुन्या शुभवर्तमानाच्या सगळ्यात अवघड जागी येऊन थांबलायस, बस, आपण मिळून वाचू.

आता बाहेरच्या मतांबद्दल पण थोडं बोलायला हवं, कारण ती पण एका जातीची नाहीत. वधस्तंभावर तो नव्हताच ही कल्पना आधी ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांतूनच आली, दुसऱ्या शतकात. देव मरू कसा शकेल, दुखेल कसं, या अडचणीतून काही गट म्हणायला लागले की त्याचं शरीर नुसता भास होता, काही म्हणाले की त्याच्या जागी त्याचा वधस्तंभ वाहणारा कुरेनेकर शिमोनच खिळला गेला. १९४५ मध्ये इजिप्तमध्ये नाग हम्मादीला जी जुनी पुस्तकं सापडली त्यातल्या काहींत खरा ख्रिस्त बाजूला राहून हसतो असं वर्णन आहे. कुराणात चौथ्या सूरेत १५७ व्या आयतीत म्हटलंय की त्यांनी त्याला मारलं नाही, सुळावर दिलं नाही, त्यांना तसं भासवलं गेलं. त्या आयतीचा अर्थ लावताना मुसलमान भाष्यकारांत पण फरक आहेत, पण बहुतेकांचा विश्वास असा की अल्लाहने त्याला जिवंत वर उचललं आणि तो परत येणार आहे. हे माझ्या येशूच्या अपमानासाठी म्हटलेलं नाही, आपल्या पैगंबराला देव असं मरू देणार नाही या आदरातून म्हटलेलं आहे, आणि मला ते पटत नसलं तरी त्यातला आदर मला कळतो.

काश्मीरची गोष्ट मात्र वेगळी. श्रीनगरच्या खानयारमधली रोझाबल ही येशूची कबर आहे, तो वधस्तंभावरून जिवंत उतरला आणि इकडे आला, हे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मिर्झा गुलाम अहमद यांनी मांडलं आणि अहमदिया पंथाचा तो विश्वास आहे. मराठीत गणेश दामोदर सावरकरांनीही येशू हिंदू होता आणि वधस्तंभावरून वाचून हिमालयाकडे आला अशा धर्तीचं पुस्तक लिहिलं. त्या कबरीतला पुरुष युझ आसफ नावाने ओळखला जातो, आणि अभ्यासकांच्या मते हे नाव बोधिसत्त्व या शब्दाचा अरबी फारसीतून फिरत आलेला अपभ्रंश आहे, म्हणजे मुळात बुद्धाची गोष्ट. अहमदिया लोकांनी आपला विश्वास मानावा, तो त्यांचा हक्क, पण ज्यांचा तो विश्वासच नाही अशांनी नेमका आमच्या दुःखाच्या दिवशी तो मेसेज पुढे ढकलायचा याला मी वैचारिक चर्चा म्हणत नाही.

कारण येशू मारला गेला याबद्दल इतिहासाला फारशी शंका नाही. टॅसिटस हा रोमन इतिहासकार, ज्याला ख्रिस्ती लोकांबद्दल अजिबात प्रेम नव्हतं, ११६ च्या आसपास लिहितो की तिबेरियसच्या काळात पंतय पिलाताने ख्रिस्ताला मृत्युदंड दिला. १९६१ मध्ये कैसरियात पिलाताचं नाव कोरलेला दगड सापडला. १९६८ मध्ये जेरुसलेमजवळ त्याच काळातल्या एका माणसाचं टाचेचं हाड सापडलं, त्यात खिळा अजून रुतलेला होता, टोक वाकल्यामुळे निघाला नसावा. तो येशू नव्हता, दुसरा कोणी यहुदी तरुण होता, पण ते हाड बघितल्यावर (मी फोटोच बघितलाय) वधस्तंभ हा दागिना राहत नाही. पहिल्या ख्रिस्ती लोकांना पण तो जवळून माहीत होता, म्हणून तर रोमच्या तळघर कबरींत त्यांनी मासा काढला, मेंढपाळ काढला, जहाजाचा नांगर काढला, वधस्तंभावरचा येशू नाही. त्याच्या सगळ्यात जुन्या चित्रांपैकी एक तर टवाळीसाठी भिंतीवर ओरखडलेलं आहे, गाढवाचं डोकं असलेला माणूस खिळलेला आणि खाली कोणी अलेक्झामेनॉस त्याला पूजतोय.

तो मेला हे मान्य, पण का मेला यावर पण एकमत नाही, आणि हे आमच्या बऱ्याच लोकांना माहीतच नाही. आमच्या प्रवचनांत एकच हिशोब असतो, पापाची शिक्षा आम्हाला होती ती त्याने भोगली, किंमत भरली. हा एक अर्थ आहे, एकमेव नाही. सुरुवातीची कितीतरी शतकं जास्त बोललं जायचं ते असं की त्याने मरणात शिरून सैतानाला आणि मरणालाच हरवलं. अकराव्या शतकाच्या शेवटी अँसेल्म या धर्मपंडिताने देवाच्या मानाचं देणं फेडण्याची भाषा आणली, सरंजामी काळात मानापमान हाच मोठा व्यवहार होता. त्याच्यामागून आबेलार म्हणाला की वधस्तंभ बघून माणसाच्या मनात प्रेम जागं होतं. सोळाव्या शतकात प्रोटेस्टंट सुधारक कॅल्व्हिनने कोर्टाची भाषा वापरली. चर्चच्या प्राचीन महासभांनी ख्रिस्त कोण यावर बारीक बारीक वाद घातले, पण वधस्तंभ आपल्याला नेमका कसा तारतो याची व्याख्या त्यांनी केली नाही. नायसियाच्या मतांगीकारात, म्हणजे उपासनेत म्हणतात त्या विश्वासाच्या कबुलीत, 'आमच्यासाठी' एवढाच शब्द आहे.

आणि या 'आमच्यासाठी'चा आपल्याकडे एक अर्थ निघालाय जो मला सगळ्यात जवळचा वाटतो. अरविंद निर्मळ यांनी १९८० च्या दशकात दलित ख्रिस्ती धर्मविचार मांडला, त्यात ते म्हणतात की वधस्तंभावरचा येशू तुटलेला, चिरडलेला आहे, म्हणजे शब्दशः दलित आहे, आणि 'तू माझा त्याग का केलास' ही हाक दलित अनुभवाच्या गाभ्यातली आहे. नगर जिल्ह्यात आमच्या पणज्यांच्या पिढीने बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्या गावकुसाबाहेर राहत होत्या. त्यांना अँसेल्म माहीत नव्हता. त्यांना हे माहीत होतं की वेशीबाहेर नेऊन मारलेला एक देव आहे. मग जेव्हा कोणी चौथ्या उद्गाराला पटकन सातव्याने झाकतो तेव्हा तो नुसता दोन शुभवर्तमानांचा घोळ करत नाही, तो आमच्या पणज्यांची हाक पण झाकतो. म्हणून मला या फरकांची एवढी तळमळ आहे, पांडित्य म्हणून नाही.

काही लोक म्हणतील की असं उघड बोललं तर सामान्य माणसाचा विश्वास डळमळेल. इंग्लंडमध्ये बघा, १९८४ मध्ये डरहॅमचे बिशप डेव्हिड जेन्किन्स म्हणाले होते की पुनरुत्थान म्हणजे नुसती हाडांची हातचलाखी नव्हे, त्याहून कितीतरी मोठं आहे, आणि गाजलं ते असं की बिशप पुनरुत्थानाला हातचलाखी म्हणतात. दडपून ठेवलेल्या विषयावर कोणी तोंड उघडलं की असाच उलटा अर्थ निघतो, कारण लोकांना ती भाषा ऐकायची सवयच लावलेली नसते. २०१७ च्या बीबीसीच्या पाहणीत ब्रिटनमधल्या स्वतःला ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांपैकी चौथा हिस्सा पुनरुत्थान मानत नव्हता. ते लोक न बोलता तिथपर्यंत पोचले. आपल्याकडे मोजलं तर काय निघेल याची चर्चा नको, पण मनात शंका घेऊन ईस्टरला पहाटे कबरस्तानात मेणबत्ती लावणारे लोक मी पाहिलेत, माझ्या घरात पाहिलेत.

मी स्वतः मानते की तो उठला. कसा, ते मला पौलासारखं अर्धं कळतं. पण ज्याला हे मानता येत नाही त्याला बाहेर काढायचा अधिकार मला शास्त्रात कुठे दिसत नाही. मत्तयचा अगदी शेवटचा प्रसंग वाचा, डोंगरावर शिष्य त्याला बघून नमन करतात आणि पुढच्याच शब्दांत येतं की काहींना संशय वाटला, आणि येशू त्या संशयवाल्यांना वेगळं काढत नाही, सगळ्यांना एकच काम देतो. थोमा या शिष्याची गोष्ट आपण नेहमी येशूच्या जखमेत बोट घालण्यावरून सांगतो. मला त्यातला मधला आठवडा जास्त महत्त्वाचा वाटतो. तो दहा जणांना तोंडावर म्हणाला की मी मानणार नाही, आणि आठ दिवसांनी ते सगळे आत होते तेव्हा थोमा पण त्यांच्याबरोबरच होता. आठ दिवस त्याला कोणी घराबाहेर काढलं नाही, तो पण गेला नाही. त्याच भाकरीतली खात असणार.

यंदा आमच्या मंडळीत चौथा उद्गार माझ्याकडे आलाय. मी पाळकसाहेबांना आधीच सांगितलंय की मी फक्त मार्कचा पंधरावा अध्याय वाचणार, आरोळीपर्यंत, आणि तिथे बसणार, पुढचं गीत लगेच सुरू करू नका, दोन मिनिटं शांत राहू द्या. ते जरा विचारात पडले, मग बरं म्हणाले. त्या मुलाचा नंबर माझ्याकडे आहे, त्याला मी मेसेज केलाय की शुक्रवारी ये, आणि तुझा प्रश्न लिहून आण.